कॅसेटची दुसरी बाजू

मंडळी, ऑक्टोबर 1991 च्या अखेरीस अमेरिकेत आइस क्यूब या कृष्णवर्णीय रॅपरचा 'डेथ सर्टिफिकेट' हा अल्बम आला. गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या आणि पोलिसांच्या जगातलं शिवराळ रॅप. मुखपृष्ठावर अमेरिकेच्या झेंड्याखाली झाकलेलं प्रेत आहे. पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर मृताचं नाव 'अंकल सॅम', म्हणजे खुद्द अमेरिका. शेजारी उभा आहे बावीस वर्षांचा क्यूब.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंना त्यानं नावं दिली होती. पहिली 'मरण': आपण आज कुठे आहोत त्याचा आरसा. दुसरी 'जीवन': आपल्याला कुठे पोचायचंय. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

मरणाच्या बाजूला एक गाणं आहे. गोळी लागलेला मुलगा सरकारी इस्पितळात पोचतो. रक्त वाहतंय, डॉक्टरांचा पत्ता नाही, आणि पोलीस मात्र प्रश्न विचारत उभे. वाट बघता बघता तो जातो. हे ऐकून ज्याला फक्त शिव्याच ऐकू आल्या, त्यानं गाणं ऐकलंच नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता 16 मार्च 1991 ची सकाळ. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी झोडपल्याला तेरा दिवस झाले होते. पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी लताशा हार्लिन्स दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानात 1.79 डॉलरची संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. ती चोरतेय असं समजून सून-जा डू या कोरियन दुकानदार बाईनं तिला धरलं. झटापट झाली. लताशा पाठ फिरवून निघाली आणि डोक्यात मागून गोळी बसली. तिच्या मुठीत दोन डॉलर होते. दुकानातल्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं.

त्या दुकानावर आधी दरोडे पडले होते, टोळ्यांच्या धमक्या होत्या, हेही खरं. त्याच भागातल्या 1965 च्या वॉट्स दंगलीनंतर त्या वस्तीतून मोठी दुकानं निघून गेली आणि त्यांच्या जागी पुढे कोरियन कुटुंबं आली. दिवसभर गल्ल्यामागे राबणारी, इंग्रजी अडखळत बोलणारी माणसं. गिऱ्हाईक आणि दुकानदार, दोघंही एकमेकांना भ्यायलेले.

'ब्लॅक कोरिया' हे गाणं यातूनच आलं. एक मिनिटाचंही नाही. दुकानात आपल्या पाठोपाठ फिरून नजर ठेवतात, हा त्यातला राग अगदी खरा आहे. पण पुढे क्यूब कोरियन माणसाला 'चॉप सुई' या चिनी पदार्थाच्या नावानं शिवी देतो, देशभर बहिष्काराची धमकी देतो आणि शेवटी दुकान जाळून टाकू म्हणतो. हे गाणं कुठल्या बाजूला आहे? जीवनाच्या! पूर्वीच्या साथीदारांना झोडपताना त्यांच्या ज्यू व्यवस्थापकाच्या जातकुळीवर घसरणारं 'नो व्हॅसलिन'सुद्धा तिथेच. मरणाच्या बाजूला असती, तर आरसा आहे म्हणून मी त्यांची बाजू घेतली असती. कुठे जायचंय या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती मला ऐकवत नाहीत. त्याच बाजूला 'अस', म्हणजे 'आपण', नावाचं गाणं आहे. त्यात तो गर्द विकणाऱ्या आपल्याच माणसांना पोलिसांइतकंच वाईट ठरवतो. स्वतःच्या घराकडे इतक्या कठोरपणे बघू शकणारा कवी शेजाऱ्याच्या घराकडे बघताना आंधळा होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गदारोळ व्हायचा तो झालाच. संगीतक्षेत्राच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं संपादकीयात निषेध केला. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या सायमन विझेंथल सेंटरनं विक्री थांबवा म्हणून दुकानांना आवाहन केलं. अल्बम मात्र अमेरिकेच्या अल्बम-यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. खरा दणका दिला कोरियन दुकानदारांनी. क्यूब ज्या 'सेंट आयड्स' बिअरची जाहिरात करायचा, ती हजारो दुकानांनी ठेवायची बंद केली. गाण्यातली बहिष्काराची धमकी त्याच्यावरच उलटली. 1992 च्या सुरुवातीला त्यानं पत्र लिहून माफी मागितली.

अल्बम आला तेव्हा दुकानदार दोषी ठरली होती, शिक्षा व्हायची होती. 15 नोव्हेंबरला न्यायाधीशांनी ती सुनावली: तुरुंग नाही, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटका, 400 तास समाजसेवा, 500 डॉलर दंड. पुढे 29 एप्रिल 1992 ला रॉडनी किंग खटल्यातले पोलीस सुटले आणि शहर पेटलं. कोरियन मालकीच्या दोन हजारांहून जास्त दुकानांची लूट आणि जाळपोळ झाली. कोरियन लोक त्या दिवसाला 'सा-इ-गु' म्हणतात, म्हणजे चार-दोन-नऊ. ती आग या गाण्यानं लावली असं मी म्हणणार नाही. ती त्या दोन निकालांनी लावली.

ब्रिटनमधल्या आवृत्तीतून 'ब्लॅक कोरिया' आणि 'नो व्हॅसलिन' ही दोन्ही गाणी काढून टाकली होती. मला ते पटत नाही. तिथल्या श्रोत्याला जीवनाची बाजू धुऊनपुसून मिळाली, मग कवीला जाब कशाचा विचारायचा?

माझा जाब एवढाच आहे. 'ब्लॅक कोरिया'त लताशाचं नाव कुठेही नाही. दोन वर्षांनी, 1993 मध्ये, रॅपर टुपाक शकूरनं 'कीप या हेड अप' या गाण्याचा व्हिडिओ तिच्या स्मृतीला अर्पण केला. तोही याच गँगस्टा रॅपमधला, त्याच्यावरही शिवराळपणाचे तेच आरोप. व्हिडिओच्या सुरुवातीलाच तिचं पूर्ण नाव येतं: लताशा हार्लिन्स.