डेस्कटॉपच्या नावातला घोळ

रिमोट डेस्कटॉप म्हटलं की भीती एकाच बाजूची वाटते, कुणीतरी बाहेरून घुसेल आणि आपला कॉम्प्युटर चालवेल. टाइटव्हीएनसी या दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर चालवायच्या प्रोग्रामच्या जुन्या 1.3.10 व्हर्जनमध्ये जे सापडलं त्यात मात्र फसतो तो स्वतःहून दुसऱ्याच्या मशीनला कनेक्ट होणारा, म्हणजे बहुतेक वेळा बिचारा सपोर्टवालाच.

ज्यावरून हा प्रोग्राम निघाला ते व्हीएनसी मूळ इंग्लंडातलं, केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी लॅबमधलं. सोर्स कोड खुला, त्यामुळे टाइट, टर्बो, अल्ट्रा अशी भावंडं निघाली आणि कोड इकडून तिकडे कॉपी होत गेला, बगसकट.

आता होतं काय बघा. कनेक्ट झालं की सर्व्हर, म्हणजे समोरच्या मशीनवरचा प्रोग्राम, स्क्रीनची साइज सांगतो आणि डेस्कटॉपचं नाव पाठवतो, ते विंडोच्या वरच्या पट्टीत दिसतं ना, तेच. आधी नावाची लांबी, चार बाइटचा आकडा, मग नाव. व्ह्यूअर, म्हणजे कनेक्ट होणाऱ्याच्या मशीनवरचा प्रोग्राम, त्या लांबीत एक मिळवतो, कारण सी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) शेवटी एक शून्य ठेवावं लागतं, आणि तेवढी मेमरी मागतो. आता सर्व्हरच बदमाश असेल आणि त्यानं लांबी सांगितली 4294967295, तर? चार बाइटमध्ये याहून मोठा आकडा मावतच नाही, एक मिळवला की गाडीचं मीटर फिरून परत शून्यावर यावं तसं होतं. मागितली शून्य बाइट मेमरी, मिळाला चिमूटभर तुकडा, आणि व्ह्यूअर त्यात चार अब्ज बाइटचं नाव उतरवायला बसतो! सर्व्हर पाठवतोय, हा लिहितोय, शेजारची मेमरी पुसली जातेय. नशीब चांगलं असेल तर नुसता क्रॅश, हल्लेखोरानं नीट जमवलं तर त्याचा कोड आपल्या मशीनवर चालतो.

पासवर्ड कितीही तगडा ठेवा, काही उपयोग नाही, कारण पासवर्ड तपासणारा सर्व्हरच चोर आहे.

हे 2019 मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरसवाल्या कंपनीच्या टीमनं बाहेर काढलं, कारखान्यांतल्या कंट्रोल सिस्टमची सिक्युरिटी बघणारी टीम. चार व्हीएनसी प्रोजेक्टमध्ये मिळून 37 भोकं, त्यातली 22 एकट्या अल्ट्राव्हीएनसीत. खरं तर या नावाच्या बगला एक साधा चेक पुरला असता, लांबी मर्यादेबाहेर गेली की कनेक्शन तोडा, बास. पण टाइटव्हीएनसीवाले म्हणाले 1.x, म्हणजे 1 नं सुरू होणारी जुनी व्हर्जन, आम्ही आता सांभाळत नाही. म्हणून डेबियन या लिनक्स सिस्टमवाल्यांनी डिसेंबर 2019 मध्ये आपण वाटत असलेल्या टाइटव्हीएनसीच्या पॅकेजला स्वतःच पॅच लावला, आणि 2009 ची मूळ 1.3.10 राहिली तशीच.