धाब्यावरची अँटेना

नमस्कार श्रोतेहो.

पारोळा तालुक्यात माझ्या मामांचं गाव. तिथली रविवारची सकाळ मला अजून कानांनी आठवते. मामा धाब्यावर, दोन्ही हातांत अँटेनाचा पाइप. वरून विचारायचे, "उनं का रे?" म्हणजे, चित्र आलं का? मी दारातून ओरडायचो, "नही उनं, मामा!" आत टीव्हीवर नुसत्या मुंग्या. पाइप आणखी बोटभर फिरायचा. मग आतून मामींचा आवाज यायचा, "उनं, उनं! आते हात लावू नका!"

त्या अँटेनात एक गोष्ट मला फार खटकायची. ॲल्युमिनियमच्या पाच-सहा आडव्या दांड्या, पण घरात येणारी चपटी वायर त्यातल्या एकीलाच जोडलेली, त्या दुमडलेल्या दांडीला. मग बाकीच्या कशाला?

खरी करामत त्या बाकीच्यांचीच आहे. टीव्हीचं चित्र टॉवरवरून रेडिओलहरींवर येतं, आणि वायरवाली दांडी साधारण त्या लहरीच्या निम्म्या लांबीची असते. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची, म्हणजे दांडी पाऊण मीटरच्या आसपास. तिच्या मागची दांडी जरा लांब, पुढच्या जरा आखूड. लहर येऊन धडकली की सगळ्याच दांड्यांत वीज खेळू लागते आणि प्रत्येक दांडी ती लहर पुन्हा बाहेर टाकते. लांब दांडीतली वीज किंचित मागे राहते, आखूड दांड्यांतली किंचित पुढे धावते. या मागेपुढे होण्यामुळे समोरून आलेल्या लहरी वायरवाल्या दांडीपाशी एकमेकींना जोर देतात आणि मागून आलेल्या एकमेकींना खोडून काढतात. म्हणून तर मामांना पाइप फिरवत बसावं लागायचं.

ही रचना जपानमधल्या सेंदाई शहरातली, १९२६ सालची. तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी दांड्यांची लांबी आणि अंतरं बदलून बदलून मोजमापं घेतली. प्राध्यापक हिदेत्सुगु यागी त्यांचे वरिष्ठ. पुढे १९२८ मध्ये यागींनी इंग्रजीत निबंध लिहिला आणि जगात नाव झालं ते यागी अँटेना. मला हे आजही टोचतं. राबले उदा, म्हणून मी नेहमी यागी-उदा असंच म्हणतो.

जपानच्या लष्कराला मात्र तिची किंमत कळली नाही. इंग्रजांना कळली, कारण त्यांना रडार हवं होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की आवाज परत येतो, तसंच रडारचं. रेडिओलहर सोडायची आणि ती विमानावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. विमान १५० किलोमीटरवर असेल तर सेकंदाचा हजारावा भाग लागतो. पण विमान कोणत्या दिशेला आहे ते कळायचं, तर एकाच दिशेला रोखता येणारी अँटेना लागते.

१९४२ मध्ये सिंगापूर पडलं. तिथं जपान्यांना एका इंग्रज सैनिकाची रडारवरची टिपणं सापडली. त्यांत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि कुणाला त्याचा अर्थ लागेना. शेवटी कैद्यालाच विचारलं. तो चकित होऊन म्हणाला, अहो, हे तुमच्याच देशातल्या प्राध्यापकाचं नाव!

आणि तीन वर्षांनी हिरोशिमा-नागासाकीवर पडलेल्या बॉम्बना जमीन किती खाली उरली ते सांगणारी जी छोटी रडार बसवली होती, त्यांच्या अँटेनाही याच घडणीच्या होत्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

श्रोतेहो, तुमच्या धाब्यावर किंवा गच्चीवर ती जुनी अँटेना अजून उभी असेल, तर उद्या सकाळी एकदा वर जाऊन नीट बघा. सगळ्यांत लांब दांडी मागची. आखूड दांड्या ज्या दिशेला तोंड करून असतील, तिकडेच तुमच्या घरात चित्र आणणारा टॉवर होता. नमस्कार.