बरणीतला गोळा

श्रोतेहो, नमस्कार. मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे पेशंट कमी आणि बरण्या जास्त येतात. एकदा परभणीकडचे एक मामा एसटीनं आले, मांडीवर फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी. आत त्यांच्या बायकोच्या अंडाशयाचा गोळा, नारळाएवढा, कसाबसा कोंबलेला. गोळा नासू नये म्हणून घालतात ते फॉर्मॅलिन तळाशी दोन बोटं. ऑपरेशन आदल्या दिवशीचं!

मावशींची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. सगळ्यांनी पिशवीवर संशय घेतला. पण अंडाशयातल्या एका गाठीच्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार करतात, त्यानं पिशवीचं अस्तर वाढतं आणि रक्त जातं. तिचं नाव ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. तिच्या पेशींत बहुधा इन्हिबिन नावाचं प्रथिन सापडतं.

ते शोधायचं कसं? मेणात बसवलेल्या तुकड्याची तीन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-चार हजारांश जाडीची चकती काचेवर घ्यायची. फॉर्मॅलिननं प्रथिनं जखडलेली असतात, म्हणून ती काच द्रावणात उकळायची. आमच्याकडे त्यासाठी चक्क कुकर आहे. मग फक्त इन्हिबिनलाच चिकटणारी अँटिबॉडी टाकायची. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग उमटतो, पेशीचं केंद्रक निळं राहतं. इस्ट्रोजेन पेशीत जिथं चिकटतं तो रिसेप्टर शोधताना मात्र केंद्रकच तपकिरी होतं. अंडाशयाच्या सीरस नावाच्या प्रकारातल्या काही संथ वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये तो सापडला, तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा विचार करता येतो.

मामांच्या गोळ्याच्या कडेला इन्हिबिन झकास तपकिरी आलं. मधोमध काहीच नाही. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. तोवर मधला भाग नासला होता. तेवढाच तुकडा घेतला असता, तर मी 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले असते आणि दोष कमी पडलेल्या फॉर्मॅलिनचा, हे कुणाला कळलंही नसतं.

म्हणून गोळा काढल्या काढल्या डॉक्टरांना विचारा: चिरून ठेवलाय का? दहा टक्के फॉर्मॅलिन गोळ्याच्या दहापट आहे का? विचारायला लाजू नका. मोठ्या गोळ्याला बादली लागते, बरणी पुरत नाही. आणि हे तुम्ही घरी करायचं काम नव्हे, त्या फॉर्मॅलिनची वाफसुद्धा डोळ्यांना झोंबते.

रिपोर्ट घेऊन मामा दारापर्यंत गेले आणि वळले. "डॉक्टरीणबाई, बरणी वापस भेटंल का?"

"नाही मामा. त्यात आता लोणचं घालायचं नाही."