माळ पडीक नसतो

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं निघालं, की वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ लागतो. दिवस नुकताच उगवलाय. कुसळीच्या काड्या दवानं वाकल्यात. लांबवर काळवीट मान वर करून बघतंय आणि अलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजतायत.

१९७९ साली इथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीचा व्यवहार अडला, की लोक त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायचे. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण मनातली अढी गेली नाही. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिथं कुंपण किती पुरणार? राखण आजूबाजूच्या माणसांनीच करायची.

आमची संस्था इथं आली, तेव्हा पहिली बैठक आम्ही फेब्रुवारीत ठेवली, सकाळी दहाला. ऐन ज्वारीच्या काढणीत! अख्खं गाव रानात ज्वारी उपटत होतं आणि आम्ही शाळेत सतरंज्या अंथरून वाट बघत होतो. सोबत वाटायला झाडांची रोपंही आणली होती. शेवटी आम्हीच रानात गेलो. बांधावर भाकरी सोडून बसलेल्या एका धनगर आजोबांनी रोपांकडं बघितलं आणि विचारलं, "हितं झाडी केली तर मेंढरं कुठं चारू?"

आजोबांचं बरोबर होतं. माळढोकाला, धाविकाला, चंडोलाला, असल्या माळावरच्या पक्ष्यांना मोकळं गवतच लागतं. माळावर दाट झाडी उभी केली, तर माळच संपतो. सरकारी दप्तरात हीच जमीन पडीक म्हणून लिहिली जाते. आजोबांना मात्र तिथलं मारवेल गवत कुठं, पवन्या गवत कुठं, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी टिकतं, सगळं तोंडपाठ. रोपं आम्ही परत नेली.

त्यानंतर बैठका रात्री पारावर होऊ लागल्या, जेवणं उरकल्यावर. आम्ही कमी बोलायचो. पहिलं गाऱ्हाणं लांडग्याचं निघालं. लांडग्यानं मेंढरू नेलं, तर भरपाई मिळते, पण पंचनामा, फोटो, अर्ज यात धनगराचे चार दिवस मोडतात. तेवढ्या दिवसांत मेंढरं कोण बघणार? मग अर्ज भरायचं काम आमच्या पोरांनी अंगावर घेतलं. माळढोकाशी याचा थेट संबंध नव्हता. पण भरोसा बसला तो इथूनच, असं मला मनापासून वाटतं.

कुठल्या पट्ट्यात कधी चारायचं आणि कुठलं गवत बी धरेपर्यंत राखायचं, हे आता पारावरच ठरतं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आजोबांचा फोन आला. टेकाडाखालच्या बिळात लांडगीनं पिल्लं घातलीत, तिकडं कुणाला फिरकू देऊ नका, म्हणाले. आपला मेंढरांचा वाडा त्यांनी दुपारीच ओढ्यापलीकडं हलवला होता.