परसातला पाला परसातच

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरामागे आत्ता काय आहे, ते मी न बघताच सांगते. भिंतीशी घर बांधताना उरलेल्या विटा आणि फरशीचे तुकडे. शेजारी गंजलेला कूलरचा सांगाडा. एक पेरू, वर वर चाललेला, ज्याची फळं फक्त पोपटांना मिळतात. एक लिंबू, अर्धं वाळलेलं. बाकी सगळीकडे वाळकं गाजर गवत आणि त्याखाली हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी माती. हसताय, म्हणजे बरोबर असावं.

लोकमान्यनगर काय, रामबाग काय, आपल्या जुन्या घरांना परस आहे ही चैनच आहे. पण मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, आपले गुडघे कुरकुरायला लागले, आणि परस म्हणजे अडगळीची जागा होऊन बसली. मग एखाद्या वर्षी उत्साह येतो. जूनमध्ये आपण नर्सरीत जातो, दोन-तीन हजारांची फुललेली झाडं रिक्षात घालून आणतो. जुलैत पाणी साचून निम्मी सडतात, उरलेली पुढच्या मेमध्ये जातात. आणि आपण म्हणतो, आमच्या हाताला यशच नाही. हाताचा काही संबंध नाही हो. पैसे चुकीच्या क्रमानं खर्च होतात, एवढंच. पहिल्या वर्षी झाडांवर एक रुपयाही घालू नका, तो मातीकडे वळवा. मातीला लागतं त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या घरात फुकट पडलेलं असतं, आणि आपण ते रोज सकाळी नेमानं कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

आता ही माती. माळव्याची काळी माती गरीब नाही, हट्टी आहे. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच. लोक काय करतात, तर ‘भुसभुशीत होईल’ म्हणून ट्रॉलीभर रेती नाहीतर पिवळी माती आणून पसरतात. हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा, फूटभर खोल, म्हणजे शंभर घनफूट माती. तिचा पोत रेतीनं बदलायचा तर निम्म्याहून जास्त रेतीच घालावी लागेल. चार घमेली टाकून काही होत नाही. तेवढ्या पैशात शेणखत घ्या, आणि वाफा वीतभर उंच करा. गादीवाफा केला की पावसाचं पाणी मुळाशी तुंबत नाही, आणि आपल्याकडे झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पावसाळ्यात तुंबून मरतात.

खणायचं कधी? ओलं असताना मुळीच नाही. आपल्या आज्या वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावरच, खुरपं हातात घ्यायच्या. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. चकचकीत होऊन बोटाला चिकटली तर घरात जाऊन चहा करा. ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं की अशी ढेकळं बनतात, की वाळल्यावर हातोडीनं फोडावी लागतील.

आता खताकडे येते, कारण इंदूरच्या माणसाला खतावर बाहेरून काही शिकवायची गरज पडू नये. आपल्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर पूर्वी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 साली तिथे आले आणि 1931 पर्यंत राहिले. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथे बसवली. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले आजही तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आणि आपल्यासाठी विशेष हे, की 1931 साली या पद्धतीवर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला त्यांचे इथले सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी ही खताची जागा मुद्दाम जाऊन पाहिली. आणि आपण? आपण पंचवीस किलोच्या पिशवीतलं खत ऑनलाइन मागवतो.

हॉवर्डसाहेबांचे खताचे खड्डे तीस फूट बाय चौदा फूट, दोन फूट खोल होते. आपल्याला तीन फुटांचा हौद पुरतो. भिंतीशी पडलेल्या त्याच विटा घ्या. सिमेंट नको, नुसत्या एकावर एक रचा, मध्ये फटी ठेवा. तळाला काटक्या. वर वीतभर सुका पाला, त्यावर चार बोटं स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर ओंजळभर परसातलीच माती आणि तांब्याभर शेणकाला. पुन्हा पाला. असं वरपर्यंत. राख मात्र चिमूटभरच. आपली माती आधीच अल्कलीकडे झुकलेली आहे. ओल इतकीच, की मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा. चौथ्या दिवशी आत लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी ओढून हात लावून बघा. चटका बसला पाहिजे. सळई थंड असेल तर पाणी नाहीतर ओला कचरा कमी पडलाय. वास मारत असेल तर सुका पाला घाला. पंधरा दिवसांनी उलथायचं, पुन्हा पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. पावसात वर निवडणुकीचा जुना फ्लेक्स टाका. फ्लेक्सचा त्याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. या आठवड्यात हौद भरलात, तर ऑगस्ट सरताना खत हातात असेल.

शेण कुठून आणायचं, असं चिठ्ठीत विचारलंय. गोठे शहराबाहेर गेल्यापासून ही अडचण खरीच आहे. गोशाळेतून एक गोणी आणा, ती वर्षभर पुरते. अगदीच नाही मिळालं तर आंबट ताक आणि जुन्या कुंडीतली मूठभर माती. काम सावकाश होतं, पण होतं.

कुणी म्हणेल, आपण स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणारी माणसं, कचरा गाडीत नाही टाकायचा तर काय! अहो, जरूर टाका. देवगुराड्याला 2022 पासून दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस करायचा कारखाना चालतो, मला त्याचा अभिमानच आहे. पण माझ्या पेरूचा पाला देवगुराड्याला पाठवून मी बाजारातून खत विकत आणायचं, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

तणाचं थोडक्यात. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अनेकांना त्याची ॲलर्जी होते. फुलाआधीचं खतात चालतं, फुलल्यावरचं नाही. हरळीसाठी हाच महिना उत्तम: जमीन भिजवा, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबा, पाऊस येईपर्यंत ठेवा. पारदर्शकच हवं, काळ्यानं माती तितकी तापत नाही. लव्हाळ्याला मात्र यानं फारसा फरक पडत नाही. तो दिसला की उपट, दिसला की उपट. खालचे कांदे उपाशी पडले की दमतो. आपणही दमतो, पण तो आधी.

आता जुनी झाडं. ती तोडू नका, मुळं इतक्या वर्षांची आहेत. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला मुख्य फांद्या डोक्याएवढ्या उंचीवर छाटा. शेजारी हळहळतील, हळहळू द्या. हिवाळ्यात हाताला येतील अशी फळं मिळतात. छाटलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात कालवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. लिंबाची अशी भादरणी करायची नाही. वाळलेलं काढा, बुंध्यातून सरळ वर गेलेले पाणसोट काढा आणि आळं दुहेरी करा: बुंध्याभोवती मातीची एक आतली कडी, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, धरत नाही.

मोगरा, जास्वंद, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं झालं की लोक युरिया टाकतात. ते लोहाचं दुखणं आहे. लोह मातीत असतं, पण अल्कली मातीत मुळांना उचलता येत नाही. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, 5 ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-वीस रुपयांचं काम.

पहिला चांगला पाऊस झाला, की रिकाम्या जागेत डब्यातले अख्खे मूग नाहीतर चवळी पेरा. भोवती सगळा माळवा सोयाबीन पेरत असतो, आपण आपले मूग पेरावेत. फुलावर आले की कापून मातीत दडपा, तेच मातीला खत. मोह होईल शेंगांचा, तो आवरा. ऑक्टोबरमध्ये त्याच वाफ्यावर खत घालून मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. धणे पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन करायचे, एवढंच. मेथी महिन्याभरात ताटात येते.

झाडंही मागून मिळतात. शेवग्याची चार फुटी फांदी, तगर, जास्वंद, मोगरा यांच्या काड्या, गवती चहाचे ठोंब, अळूचे कांदे. पावसाळ्यात कुणाच्याही फाटकाशी उभं राहून मागा, नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलं नाही. खर्चाचं म्हणाल तर चांगलं खुरपं, फावडं, छाटणीची कात्री, शेणखताच्या गोण्या आणि थोडं बी. तीन हजारांत बसतं. कात्री स्वस्तातली घेऊ नका, फांदी चिरडते. बाकी सगळं स्वस्तातलं चालेल.

पाण्याविषयी एकच. आपल्या नळाला येणारी नर्मदा जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून पंपानं चढवून आणलेली आहे. तिनं अंगण धुणं मला बघवत नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक सेंटीमीटर पाऊस पडला की नऊशे लिटर होतात. गच्चीचा पन्हळ गटारात सोडलेला असेल तर तो आळ्यांकडे वळवा. आणि उन्हाळ्यात माती उघडी ठेवू नका, हौदातून उरलेला पाला तिच्यावर पसरा.

शेवटची चिठ्ठी: ‘वाफ्यात मांजरी येऊन घाण करतात, काय करावं?’ बाई, बोराच्या किंवा लिंबाच्या काटेरी फांद्या रोपं मोठी होईपर्यंत आडव्या टाकून ठेवा. झाडं छाटाल तेव्हा त्या मिळतीलच.

बाहेर टेबलाखाली कढीपत्त्याची रोपं आणि अळूचे कांदे ठेवलेत. एकेका घरानं एकेकच घ्या. आणि रोप लगेच जमिनीत घालू नका; सावलीत पिशवीतच राहू द्या, एक-दोन चांगल्या सरी पडून वाफसा आला की मग लावा.