दहा बटणांची वाटणी

[दृश्य: दोन्ही हातांत धरलेला, उघडा एचपी २००एलएक्स]

हा संगणक १९९४ सालचा, ह्यूलेट-पॅकार्डचा. वजन साधारण तीनशे ग्रॅम, खुराक दोन पेन्सिल सेल. आत चक्क डॉस ५.० ही संगणक चालवणारी प्रणाली आणि लोटस १-२-३ हा आकड्यांचे तक्ते मांडायचा प्रोग्रॅम, दोन्ही रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत भरलेले. कीबोर्ड मात्र एवढासा, की बरेच जण हातात धरून दोन अंगठ्यांनीच टाइप करत. म्हणून इथे जेवढी बटणं कमी दाबावी लागतील तेवढं बरं.

त्यासाठी यात सिस्टिम मॅक्रो आहेत. एफएन (Fn) हे बटण धरून एफ-१ ते एफ-१० यांपैकी एक बटण दाबायचं, की आधी लिहून ठेवलेली बटणांची अख्खी रांग यंत्र स्वतःच दाबत जातं. पण जागा दहाच. अकरावा मॅक्रो हवा असेल तर दुसरी फाईल करायची आणि गरजेनुसार ती उघडायची. म्हणजे मॅक्रोंचे गट करावे लागतात: एक फाईल, दहा बटणं.

[दृश्य: पडद्यावर लोटसचा तक्ता]

कोणता मॅक्रो कुठे ठेवायचा, ही वाटणी मॅक्रोच्या स्वभावावर ठरतं. तो आंधळा असतो. समोर काय उघडलंय ते तो बघत नाही. स्लॅश, आर, एफ, सी, दोन, मग दोनदा एंटर: लोटसमध्ये एवढ्यानं चालू चौकटीतला आकडा रकमेच्या रूपात, दोन दशांश स्थळांसह दिसू लागतो. हीच रांग मेमोत, म्हणजे मजकूर लिहायच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये चालवा. पत्राच्या मधोमध ‘/rfc2’ उमटतं आणि खाली दोन ओळी सरकतात!

त्यामुळे असला मॅक्रो एफ-बटणावर ठेवूच नये. लोटसची स्वतःची सोय आहे. तक्त्याच्या एका कोपऱ्यात तीन स्तंभ धरायचे: पहिल्यात मॅक्रोचं नाव, दुसऱ्यात बटणांची रांग, तिसऱ्यात तो काय करतो याची टीप. तिसरा स्तंभ बहुतेक जण गाळतात आणि सहा महिन्यांनी स्वतःचंच लिखाण त्यांना उलगडत नाही. नाव दिलं, की ऑल्ट आणि एक अक्षर दाबून मॅक्रो चालतो. तक्ता दुसऱ्याला दिला तर मॅक्रोही सोबत जातात.

[दृश्य: निळ्या बटणांची रांग, जवळून]

मग एफ-बटणांवर उरतं काय? एका अ‍ॅप्लिकेशनमधून दुसऱ्यात नेणारी कामं. अशा मॅक्रोची सुरुवात त्या-त्या अ‍ॅप्लिकेशनच्या निळ्या बटणानं करावी. फोनबुक, अपॉइंटमेंट, मेमो, जे हवं ते आधी समोर येतं, पुढची बटणं त्यातच पडतात. तारीख आणि वेळ यांवर मॅक्रो खर्च करू नये. ती सोय एफएनसोबत कीबोर्डवरच आहे.

फायलींची विभागणी अ‍ॅप्लिकेशननुसार करावीशी वाटते. आमच्या मते ती प्रसंगानुसार असावी: दौऱ्याची एक, कचेरीची एक. दौऱ्यावर असताना फोनबुकही लागतं, मेमोही लागतो. दर वेळी फाईल कोण बदलत बसणार? आणि सही-पत्त्याचा मॅक्रो प्रत्येक फाईलमध्ये त्याच बटणावर हवा, एफ-१० तर एफ-१०. फाईलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, डॉसचा नियमच तसा.

[दृश्य: बाजूच्या खाचेत सरकणारं कार्ड]

ही सगळी मांडामांड मुळात सी ड्राइव्हवर असते आणि सी ड्राइव्ह म्हणजे रॅम, वीज असेपर्यंतच टिकणारी मेमरी. पेन्सिल सेल आणि आतला नाण्याएवढा बॅकअप सेल दोन्ही एकदम संपले, की सगळं पुसलं जातं. म्हणून मॅक्रोच्या फायलींची एक प्रत बाजूच्या खाचेतल्या मेमरी कार्डावर ठेवायची.