दह्याचं विरजण, पावाचं यीस्ट आणि अंगावरचा नायटा

नमस्कार मंडळी. आज रात्री दूध विरजायला ठेवाल ना, तेव्हा त्या चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवाणू असतील, आणि सकाळी बेकरीतून जो पाव आणाल तो फुगलाय यीस्टमुळे. दोन्ही एकपेशीय, दोन्ही आंबवणारे, म्हणून आपण धरून चालतो की असतील एकाच जातकुळीतले. पण तसं नाहीये हो! यीस्टची पेशी ही दह्यातल्या जिवाणूपेक्षा तुमच्याआमच्या पेशीच्या जास्त जवळची आहे.

शाळेत आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी हे दोन शब्द आपण पाठ केले, पेपर झाला की विसरलो, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते. जिवाणू आदिकेंद्रकी, त्याला केंद्रकच नसतं, डीएनएचा बहुतेक वेळा एकच गोल धागा पेशीत तसाच गुंडाळून पडलेला. यीस्ट मात्र दृश्यकेंद्रकी, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, त्याचा डीएनए 16 क्रोमोझोममध्ये वाटलेला आणि केंद्रकाच्या दुहेरी पडद्याआड नीट ठेवलेला, शिवाय ऊर्जेसाठी मायटोकाँड्रिया वेगळे, अगदी आपल्यासारखंच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रायबोसोमचा फरक. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, ते दोघांकडेही असतं, पण जिवाणूंचं 70एस नावाचं लहान आणि आपलं 80एस, जरा मोठं नि वेगळ्या घडणीचं. 1943 मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन टीबीच्या जिवाणूचं नेमकं हेच यंत्र बिघडवतं आणि आपल्या 80एसला फारसा धक्का लावत नाही, म्हणून तर ज्या टीबीपुढे डॉक्टर हात टेकायचे त्यातून पेशंट उठून बसायला लागले.

आता नायट्याचं बघा. पावसाळ्यात जांघेत, काखेत खाज सुटते आणि आपण घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊन टाकतो, आणि फरक काही पडत नाही, पडणार कसा, नायटा होतो बुरशीमुळे आणि बुरशी यीस्टसारखीच दृश्यकेंद्रकी, तिचे रायबोसोम आपल्यासारखेच 80एस! जे औषध आपल्या पेशीला सोडून देतं ते तिलाही सोडून देतं. म्हणून बुरशीवरची औषधं शोधणं अवघड, कारण शत्रू आपल्याच घडणीचा. फरक असा सापडला की आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं आणि बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल, मग बरीचशी औषधं तिथेच घाव घालतात. त्यामुळे डॉक्टरांनी जितके आठवडे मलम लावायला सांगितलंय तितके लावाच, खाज थांबली म्हणून मधेच सोडू नका.

आणि हे सांगताना मला फार अभिमान वाटतो, असंच एक औषध आपल्या पिंपरीत सापडलंय, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, हॅमायसिन नावाचं. ते एर्गोस्टेरॉललाच चिकटून बुरशीचं पटल फोडतं. आणि ते बनवतो कोण, तर स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे नावातच पिंपरी असलेला एक जिवाणू, केंद्रक नसलेला!